शेजारीण काय वाचते?



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषण मला येत नाही. पण मंडळाने ‘आपली साक्ष’ हा विषय दिला, म्हणून चार शब्द बोलते.

साक्ष म्हटली की प्रवचन आठवते. पौलाने मात्र करिंथकरांना लिहिले की तुम्हीच आमचे पत्र आहात, सर्वांनी वाचावे असे. शेजारीण बायबल उघडो न उघडो, आपले घर ती रोज वाचते. उसनी साखर शिगोशीग परत आली की वाटी हलकी झाली, नळावर आपण कोणाची चहाडी केली, भांडीवालीला पगारासाठी किती हेलपाटे घातले, सारे तिला ठाऊक!

लक्ष्मीबाई टिळक कडक सोवळ्यात वाढल्या. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा त्या झाल्या नाहीत. त्यांनी आधी जातिभेद सोडला, सर्वांच्या हातचे खाल्ले आणि मग १९०० साली बाप्तिस्मा घेतला. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आपल्यातल्या काही घरांत तो उलटा आहे. बाप्तिस्मा तीन पिढ्यांपूर्वीचा आणि झाडणाऱ्या बाईचा कप अजून खिडकीत वेगळा! रविवारी प्रभुभोजनाला एकाच भाकरीतले घ्यायचे आणि सोमवारी हा कप. राग आला तरी चालेल, पण बोलल्यावाचून राहवत नाही.

सभेनंतर चहा आहे. कप मंडळाचेच, सगळे एकसारखे. हॉल झाडणाऱ्या बाईंनाही मी थांबायला सांगितले आहे. त्या आपल्याच पंगतीला बसतील.