सुप्रभाताने भरलेला फोन

आज जरा टोचणारं बोलते, राग मानू नका.

गेल्या महिन्यात आमच्या गटातल्या एका ताईंचा हप्ता चुकला. तारीख मी ग्रुपवर टाकली होती. पण वर-खाली नुसते गुलाब, सुविचार आणि ‘शुभ सकाळ’. निरोप त्यात बुडाला, दंड ताईंना बसला. पावतीचा फोटो काढायला गेल्या, तर फोनमध्ये जागाच नाही!

माझं मत असं, की गटाचा ग्रुप कामापुरताच हवा. ग्रुपच्या सेटिंगमध्ये फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल असं करता येतं. आम्ही तेच केलं. गप्पांसाठी दुसरा ग्रुप काढला, तिथं खुशाल फुलं पाठवा.

व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’ उघडा. फोटो, व्हिडिओ आपोआप उतरणं तिथं बंद होतं. मग जो हवा, त्यावरच बोट ठेवायचं.

आणि निरोपावर जोडबाणाची खूण दिसली, तर तो बऱ्याच हातांतून फिरून आलेला असतो. खातरजमा केल्याशिवाय पुढे ढकलू नका.

ताईंचा दंड आम्ही सगळ्यांनी मिळून भरला. त्या गुलाबांत एक माझाही होता.