पोस्टकार्ड आणि झाडीपट्टीतला चित्रकार

वैनगंगेच्या कांठच्या वडसा ऊर्फ देसाईगंज या गांवीं दिवाळी जवळ आली कीं नाट्यमंडळांच्या कार्यालयांत ठिकठिकाणच्या आयोजकांची वर्दळ सुरू होते. कोणतें नाटक, कोणती तारीख, किती बिदागी हें तेथें ठरतें. आणि मग होळीपर्यंत चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या धानाच्या मुलुखांत मंडई आणि शंकरपट यांच्या निमित्तानें रात्र रात्र नाटकें रंगतात. झाडीपट्टीची रंगभूमि ती हीच. तिचे नट परशुराम खुणे यांना २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. नाटक आलें म्हणजे भित्तिपत्रक आलें, हस्तपत्रक आलें, म्हणजेच चित्रकाराला काम आलें. असें असतांहि चित्रकलेचें शिक्षण घेतलेला येथील तरुण पुष्कळदां नागपूरची वाट धरतो. गांवांत काम नाहीं असें नव्हे. ज्याला काम करून हवें आहे त्याला हा चित्रकार ठाऊकच नसतो.

ही ओळख करून देण्याचें एक जुनें साधन अद्याप हाताशीं आहे, तें म्हणजे पोस्टकार्ड. ऑस्ट्रिया-हंगेरीनें तें १८६९ सालीं प्रथम काढलें आणि हिंदुस्थानांत १ जुलै १८७९ रोजीं तें पाव आण्याला मिळूं लागलें. टपालखात्यानें त्याचा दर पुढेंहि मुद्दाम कमी ठेवला. या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत हातानें लिहिलेल्या कार्डाला ५० पैसे पडत, छापील मजकुराच्या कार्डाला मात्र ६ रुपये. (कार्डें टाकण्यापूर्वीं चालू दर टपालकचेरींत विचारून घ्यावा हें बरें.) खात्याचा हेतु उघड होता: सवलत माणसाच्या पत्राला, जाहिरातीला नव्हे. २००२ सालीं पत्त्याच्या बाजूस जाहिरात असलेलें ‘मेघदूत’ कार्ड २५ पैशांत निघालें खरें, पण तें बड्या जाहिरातदारांसाठीं. एकट्यादुकट्या चित्रकारानें त्या वाटेस जाऊं नये.

कारण हा बारापट फरक चित्रकाराच्या पथ्यावरच पडतो. व्यापाऱ्याला हातानें कार्ड लिहिणें ही कटकट वाटते. चित्रकाराचा तर तोच धंदा आहे. त्यानें छापखान्याकडे जावेंच कशाला? ४० कार्डें स्वतः रेखाटलीं तर त्या दरानें २० रुपये लागत, आणि प्रत्येक कार्ड हा त्याच्या हाताचा खरा नमुना ठरे. छापलेल्या कार्डावर ‘सर्व प्रकारचीं कामें माफक दरांत’ असें वाचून कोणाचीहि खात्री पटत नाहीं. सुमारे १४ सेंटिमीटर लांब व ९ सेंटिमीटर रुंद जागेंत डौलदार अक्षरें बसविलेलीं दिसलीं कीं दर विचारण्याची इच्छा आपोआप होते.

रेखाटावें काय, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. मूल, सिंदेवाही, नागभीड या बाजूस भाताच्या गिरण्या आहेत. नागभीड तालुक्यांतल्या नांदेड गांवचे दादाजी खोब्रागडे यांनीं निवडून निवडून सिद्ध केलेलें ‘एचएमटी’ धान एका घड्याळाचें नांव घेऊन दूरदूर पोंचलें. पण तांदुळाच्या पुष्कळशा पिशव्या अशा सारख्या दिसतात कीं एका गिरणीची पिशवी दुसरीपासून ओळखूं येत नाहीं. गिरणीमालकाला पाठवावयाच्या कार्डावर पिशवीचा केवळ वरचा भाग काढावा, त्यांत त्याच गिरणीचें नांव नव्या वळणानें घालावें आणि खालीं एकच ओळ लिहावी: ‘उरलेली पिशवी पाहावयाची असल्यास कळवावें.’ संपूर्ण आराखडा फुकट देऊन बसणें हा भोळेपणा होय; त्याची नक्कल दुसऱ्याकडून स्वस्तांत होते.

वेळ चुकली तर सुंदर कार्डहि वाया जातें. नाट्यमंडळांचीं पत्रकें दिवाळीपूर्वीं ठरतात, तेव्हां त्यांना कार्ड भाद्रपदांतच मिळावें. ताडोब्याचें गाभाक्षेत्र पावसाळ्यांत बंद राहून ऑक्टोबरांत उघडतें. मोहर्ली-कोलाऱ्याकडील निवासगृहांच्या मालकांना पाटी रंगविण्याचा विचार त्याआधींच्या रिकाम्या दिवसांत सुचतो. गिरण्यांना नवें धान येण्यापूर्वीं गांठावें. शिवाय टपालाच्या वाटेचाहि हिशेब धरला पाहिजे. पर्लकोटेला पूर आला कीं भामरागडचा संपर्क तुटतो, मग तेथील कार्ड वेळेवर पोंचेल अशी आशा कशी धरावी?

पत्ता तर चोखच हवा. श्रीराम वेलणकर या संस्कृतज्ञ टपाल-अधिकाऱ्यानें योजिलेली पिनक्रमांकाची पद्धति १९७२ सालीं सुरू झाली. तिच्यांतली येथील गंमत अशी कीं देसाईगंज गडचिरोली जिल्ह्यांत असूनहि त्याचा क्रमांक ४४१२०७ आहे, तर गडचिरोलीचा ४४२६०५. जिल्ह्यावरून अंदाज बांधणाऱ्याचीं कार्डें भलतीकडे फिरून येतात.

कोणी म्हणेल, भ्रमणध्वनीवर चित्र धाडलें कीं काम झालें. तें चित्र दिवसभरांत येणाऱ्या शेंकडों चित्रांखालीं गाडलें जातें. कार्ड उघडें असल्यामुळें पोस्टमन वाचतो, गिरणीचा मुनीम वाचतो, घरांतलीं मुलें चित्र पाहतात, आणि कधीं कधीं तें गल्ल्यावरच्या कांचेखालीं सरकवून ठेवलें जातें. मात्र पहिल्या कार्डाला बहुधा उत्तर येत नाहीं. महिन्यानें त्याच पत्त्यावर निराळें चित्र जावें, नंतर आणखी एक. एका वहींत कोणास केव्हां काय पाठविलें व काय उत्तर आलें याची नोंद असावी. तिसऱ्या कार्डानंतरहि जो गप्प राहिला त्याचें नांव खोडून त्या जागीं नवा पत्ता घ्यावा. ज्यानें काम दिलें आणि पैसेहि वेळेवर दिले, त्याला दसऱ्याला सोन्याच्या पानाचें चित्र काढून एक कार्ड धाडावें, आणि त्यावर कामाविषयीं अवाक्षरहि लिहूं नये.