कामावरून सुटलेल्यांचा फुटबॉल



कामगार चळवळीतल्या माणसाने फुटबॉलवर काय बोलावे, असे काहींना वाटले असेल. पण आम्ही ज्या मुलखाची हकीकत सांगणार आहोत, तेथे मैदान आणि कामाची जागा यांत फारसे अंतर नाही. स्कॉटलंडहून आइसलंडकडे जाताना वाटेत अठरा बेटे लागतात. हाच फेरो. डेन्मार्कच्या राज्यातला, पण घरचा कारभार स्वतः पाहणारा. वस्ती सुमारे ५४,०००, धंदा मासळीचा.

तेथील सर्वांत जुना क्लब १८९२ सालचा, सुदूरोय बेटावरचा. लीग सुरू झाली १९४२ साली, ऐन महायुद्धात. १९४४ साली ती भरलीच नाही. कारण काय, तर चेंडू मिळेनात!

१२ सप्टेंबर १९९० रोजी हा संघ पहिला स्पर्धात्मक सामना खेळला, तो ऑस्ट्रियाशी. सामना फेरोच्या घरचा. पण घरी गवताचे मैदान नाही, म्हणून स्वीडनमध्ये लांडस्क्रोना येथे घ्यावा लागला. ऑस्ट्रिया त्याच उन्हाळ्यात विश्वचषक खेळून आलेला. फेरोचा गोलरक्षक येन्स मार्टिन क्नुडसेन डोक्यास गोंड्याची लोकरी टोपी घालून उभा. एरवी तो मासळीच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवी. गोल केला तॉर्किल निल्सनने. तो लाकडाच्या व्यापारातला नोकर. फेरो जिंकला, १-०.

लोक यास चमत्कार म्हणतात. आम्हांस तो शब्द रुचत नाही. दिवसभर राबून जो संध्याकाळी सरावाला येतो, त्याच्या यशाला चमत्कार म्हणणे म्हणजे त्याच्या घामाचा हिशेब बुडविणे होय. एका दिवसाच्या रजेसाठी किती अर्ज-विनवण्या कराव्या लागतात, हे आम्ही जन्मभर पाहत आलो आहोत.

तेथे वारापाऊस असा की गवत टिकणे कठीण; म्हणून आता गावोगाव कृत्रिम हिरवळीची मैदाने आहेत. २०२३ साली क्लाक्सविक गावच्या क्लबने चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत हंगेरीच्या फेरेन्सवारोसला बुडापेस्टमध्ये जाऊन ३-० असे हरविले. त्या संघातही दुसरी नोकरी सांभाळून खेळणारे होते. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये राष्ट्रीय संघाने चेक संघाला २-१ असे नमविले.

समुद्राखालून बोगदे झाले, तशी बरीच बेटे जोडली गेली. मात्र जेथे सर्वांत जुना क्लब, त्या सुदूरोयला अजून बोगदा नाही. तेथे सामना असला की पाहुण्या संघाने दोन तास बोटीत बसायचे, आणि परतीच्या बोटीची वेळ सांभाळायची. दुसऱ्या दिवशी कामावर जायचे असते.