काकाजींनी तुरीचा भाव विचारला नाही



सकाळी अकोल्याहून निघालो आणि मूर्तिजापूरला चहाला थांबलो. टपरीवर विकतच्या पाण्याचे कॅन रांगेनं लावलेले होते. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला गोड्या पाण्याची किंमत शिकवावी लागत नाही. डायलिसिसवरच्या माणसाचा हिशेब मात्र उफराटा: एका पाळीत मिनिटाला ५०० मिलिलिटर या हिशेबानं चार तासांत १२० लिटर शुद्ध पाणी मशीनमधून जातं. लघवी बंद झालेल्या त्याच माणसाला आपण डॉक्टर मंडळी घरी जेमतेम लिटरभर पाण्यावर ठेवतो, तेही मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात. मग त्याचा चेहरा उतरला की आपण हिमोग्लोबिन बघतो.

मीही तेच केलं. दर्यापूरकडचे एक काकाजी आठवड्यातून तीनदा यायचे. त्यांचं वजन उतरत गेलं, अल्ब्युमिन घसरलं, दाह दाखवणारं सीआरपी चढलं. मी गळ्यातला कॅथेटर तपासला, दात तपासायला पाठवलं, अँटिबायोटिक दिलं. सीआरपी थोडं उतरलं, काकाजी काही सावरले नाहीत. आमचा टेक्निशियन एक दिवस म्हणाला, "साहेब, काकाजी महिनाभरापासून तुरीचा भाव विचारत नाहीत." मी जाऊन विचारलं, तेव्हा म्हणाले, "काई नाई साहेब, जीव कटाळला. कायले येऊ आता?"

महिनाभर माझ्या फाइलमध्ये हे कुठंच नव्हतं.

दाह आणि उदासी यांचं नातं आता बरंच उलगडलंय. शरीरात दाह वाढला की ज्या ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन तयार व्हायचं, ते किन्युरेनिनच्या वाटेला लागतं. धडधाकट किडनी त्यातले पदार्थ लघवीतून बाहेर टाकते; आपल्या रुग्णात ते साचत जातात. उलटंही घडतं. मन उडालेला माणूस जेवत नाही, पाळी चुकवतो, फिस्टुलाचा हात जपत नाही, आणि त्यातून दाह आणखी वाढतो. आधी काय झालं, या वादात मला रस नाही. सीआरपीचा आकडा सापडला की आपल्याला कारण सापडल्यासारखं वाटतं आणि आपण विचारायचं थांबतो. माझी तक्रार त्या थांबण्याबद्दल आहे.

विचारणंही सोपं नाही, हे मान्य. थकवा, मेलेली भूक, तुटलेली झोप युरेमियातही असतेच. २०१३ साली जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. त्यात डायलिसिसवरच्या रुग्णांनी प्रश्नावली भरली तेव्हा सुमारे ३९ टक्के नैराश्यात निघाले. समोर बसून मुलाखत घेतली तेव्हा सुमारे २३ टक्के. म्हणजे कागद भरून घेतल्यावर समोर बसावंही लागतं.

गोळीवरही फार भिस्त नको. २०१७ च्या चाचणीत, डायलिसिसपर्यंत न पोचलेल्या किडनीरुग्णांमध्ये सर्ट्रालीनचा साखरेच्या गोळीपेक्षा जास्त उपयोग दिसला नाही. २०१९ साली डायलिसिसवरच्या रुग्णांमध्ये बारा आठवड्यांनी ती समुपदेशनापेक्षा किंचित सरस ठरली, पण त्रासही तिचाच जास्त. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते: ते समुपदेशन डायलिसिस चालू असताना, रुग्णाच्या खुर्चीशेजारी बसून झालं होतं. आपल्याकडे तर चार तास तो माणूस हलूच शकत नाही!

"मानसोपचारवाल्याकडे जा" म्हटलं की वऱ्हाडात उत्तर ठरलेलं: "मी काय येडा झालो का?" पण याच वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी दारोदार जाऊन विचारपूस केली. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. २०१७ साली ते 'लॅन्सेट सायकियाट्री'त छापून आलं. जे गावात जमलं, ते आपल्या थंडगार डायलिसिस हॉलमध्ये का जमू नये? एका सिस्टरला प्रशिक्षण द्या, महिन्यातून एक पाळी तिला फक्त बोलायला मोकळी ठेवा. खर्च काढायचा तर मशीनच्या एका दुरुस्तीइतकाही येणार नाही.

काकाजींचं औषध चालू आहे, आमची सिस्टर त्यांच्याशी बोलते. परवा टेक्निशियननं मशीन लावता लावता आपणहून तुरीचा भाव सांगितला. काकाजींनी डोळे उघडले.

"चुकीचा सांगून राह्यला तू. दर्यापूरले जास्त आहे."