संगणक सुरू होत नाही तेव्हा



शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपत येते आणि नेमका तेव्हाच घरचा संगणक अडून बसतो. अशा वेळी तो कुठवर येऊन थांबतो, हे आधी पाहावे.

दिवा नाही, पंखा नाही, तर दोष विजेच्या वाटेवर आहे. बोर्ड, वायर, मागचे बटण तपासा. आतली एसएमपीएसची पेटी मात्र उघडू नका; प्लग काढल्यावरही तिच्यात वीज साठून राहते.

पंखा फिरतो, पण पडदा काळाच? पुष्कळदा रॅमची पट्टी सैल झालेली असते. वरोऱ्याच्या उन्हाळ्यात धूळही काही कमी नसते! प्लग काढावा, पेटीच्या धातूला हात लावावा, मग पट्टी काढून तिची सोनेरी कड खोडरबराने हलकेच पुसावी, भुकटी झटकावी आणि खटका वाजेपर्यंत पट्टी परत बसवावी. एवढ्यानेच कित्येक यंत्रे चालू होतात. बंद करताच तारीख-वेळ चुकत असेल, तर आतली रुपयाच्या नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी, सीआर २०३२, बदलावी.

पडद्यावर अक्षरे येऊन विंडोज अडली, तर लावलेला पेन ड्राइव्ह काढून पाहा. तरीही जमले नाही आणि दुरुस्तीवाला "फॉरमॅट मारतो" म्हणाला, तर त्याला थांबवा. मुलांचे दाखले, गुणपत्रिका त्यातच असतात. हार्ड डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून त्या बहुधा उतरवून घेता येतात. हे काम आपल्यासमोर करून घ्या, मगच फॉरमॅटला होकार द्या.