कार्यालयीन वेळेनंतरचे वर्तन आणि शिस्त



वैनगंगेकाठच्या कारध्याला शासकीय सेवेचे स्वरूप वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस नदीला महापूर आला, तेव्हा पाण्याने कार्यालयाची वेळ पाहिली नव्हती. अशा रात्री गाव तलाठी, ग्रामसेवक आणि शिक्षक यांच्याकडेच धाव घेते. त्यामागे विश्वास असतो. म्हणूनच कामाच्या वेळेबाहेर कर्मचारी कसा वागतो, हा सर्वस्वी त्याचा खाजगी प्रश्न राहत नाही.

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मधील तिसऱ्या नियमाने शासकीय कर्मचाऱ्यावर सदैव सचोटी राखण्याचे आणि पदाला न शोभणारे वर्तन टाळण्याचे बंधन घातले आहे. सार्वजनिक ठिकाणी नशेत वावरणे, पहिली पत्नी हयात असताना दुसरा विवाह करणे, हुंडा घेणे या गोष्टी सुटीच्या दिवशी घडल्या तरी त्या गैरवर्तनच ठरतात. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी 1967 चे स्वतंत्र वर्तणूक नियम आहेत.

परंतु चावडीवरील प्रत्येक कुजबुजीची चौकशी करावी, असा याचा अर्थ नव्हे. बांधावरून भाऊबंदांत झालेली बोलाचाली ही कार्यालयाची बाब नव्हे. टाटा ऑइल मिल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1964 मध्ये हीच मर्यादा आखून दिली. कारखान्याबाहेरचे निव्वळ खाजगी भांडण शिक्षेस पुरेसे नाही. त्याचा नोकरीशी सयुक्तिक संबंध असला पाहिजे. त्या प्रकरणातील मारहाण कारखान्यातील बोनस योजनेच्या वादातून झाली होती, म्हणून बडतर्फी कायम राहिली. पद जितके विश्वासाचे, तितकी अपेक्षाही कठोर असते. कायद्याच्या परीक्षेत नक्कल करणाऱ्या एका न्यायिक अधिकाऱ्याला सेवेतून दूर करण्याचा निर्णय 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. न्यायासनावर एक मापदंड आणि बाहेर दुसरा, हे त्या न्यायालयाला मान्य झाले नाही.

मग पंचायत सदस्यांनी काय करावे? तक्रार लेखी द्यावी. तीत दिनांक, स्थळ व साक्षीदार स्पष्ट नमूद करावेत. निवडणुकीतील राग तक्रारीच्या वेषात पुढे आणू नये. शिक्षा देण्याचा अधिकार सक्षम प्राधिकाऱ्याचाच आहे. मोठी शिक्षा देण्यापूर्वी सामान्यतः दोषारोपपत्र, कर्मचाऱ्याचे म्हणणे आणि रीतसर चौकशी हे टप्पे पार पडावे लागतात. त्यानंतर अपिलाचा मार्गही असतो. अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काळ अटकेत राहिलेला शासकीय कर्मचारी निलंबित मानला जातो. परंतु निलंबन म्हणजे शिक्षा नव्हे, आणि अटक म्हणजे अपराधसिद्धी नव्हे.

शिक्षेमागे एका कुटुंबाची भाकरी असते, तर दुर्लक्षामागे गावाचा ढळलेला विश्वास. कसूर कितपत गंभीर आहे आणि पदाशी तिचा संबंध कोणता, हे पुराव्यानिशी तपासूनच अधिकाऱ्याने लेखणी उचलावी. अशा निर्णयामुळे शिस्तही टिकेल आणि न्यायही होईल.