पर्वतावरची राई



कामगार चळवळीत तीस वर्षे घालविलेल्या माणसाने झाडावर काय बोलावे, असे आपणांस वाटेल. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे फळबाजारातल्या हमालीने आणि उसन्या पुस्तकांनी शिकविले. पण एका झाडाचे आम्ही ऋणकरी आहोत, आणि ऋण चारचौघांत कबूल करावे, अशी आमची रीत आहे.

१९८५ नंतरच्या काळात आम्ही सफरचंदांच्या पेट्या पाठीवर वाहत असू. हिमाचलहून येणारी पेटी लाकडी, १८-२० किलोंची. वजन किती, दर काय, यावर आम्ही भांडलो. लाकूड कोणते, हे कधी विचारले नाही. फुटक्या फळ्यांनी आमची चूल पेटे. त्याच फळ्यांचे आमचे पहिले पुस्तकांचे फडताळ झाले.

पुढे सिमल्यापलीकडे नारकंड्याला जाण्याचा योग आला. हाटू शिखराच्या वाटेवर एका वृद्ध गृहस्थांनी वर बोट दाखवून सांगितले, "ही राई. तुमच्या पेट्या हिच्या आणि शेजारच्या तोसच्या लाकडाच्या होत्या." आपली राई मोहरीएवढी, ही ५० मीटरपर्यंत जाते! इंग्रजीत हिला स्प्रूस म्हणतात. अफगाणिस्तानापासून मध्य नेपाळापर्यंत, साधारण २,१०० ते ३,३०० मीटर उंचीवर ती राहते. फांद्यांची टोके खाली लोंबतात, त्यामुळे बर्फ साचून न राहता घसरून पडते.

राई आणि तोस ओळखावे कसे? राईचे पान सुईसारखे, ३ ते ५ सेंटीमीटरांचे, चौकोनी. चिमटीत धरले की सहज फिरते. तोसचे चपटे, ते फिरत नाही. राईचा शंकू खाली लोंबतो व अखंड गळतो. तोसचा उभा राहतो आणि झाडावरच विखुरतो. राईचे पान गळाले की डहाळीवर बारीक खुंट्या राहतात, त्या हाताला खरखरीत लागतात.

आता दुखण्याची गोष्ट. राईला बी भरपूर येते, पण रोप टिकत नाही. थंडीमुळे गळालेली पाने लवकर कुजत नाहीत. त्यांचा जाड थर साचतो. बी थरात रुजते, मूळ मातीपर्यंत पोहोचत नाही, आणि पावसाआधीच्या मे-जूनच्या कोरड्या दिवसांत रोप वाळते. उरलेली रोपे गवताखाली गुदमरतात किंवा शेळ्यामेंढ्यांच्या तोंडी जातात. म्हणजे तोडलेल्या झाडाची जागा आपोआप भरून येत नाही.

पेट्यांपायी जंगल फार तुटले, म्हणून पुठ्ठ्याच्या पेट्या आल्या. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने मंजूर योजनेवाचून होणारी तोडही थांबविली. तेव्हा आम्ही कुरकुर केली, कारण चुलीचे सरपण गेले, आणि पेट्या ठोकणाऱ्यांची रोजी गेली. आज वाटते, बंदी योग्यच होती. पण हिशेब अर्धाच झाला. झाड तोडायला मजूर लागतात, तसेच लावायलाही लागतात. पानांचा थर उकरून माती मोकळी करणे, रोपवाटिकेत वर्षानुवर्षे रोपे सांभाळणे, कुंपण घालणे, ही मेहनतीची कामे आहेत. ज्यांची रोजी तोडबंदीने गेली, त्यांना ही कामे पुऱ्या मजुरीने मिळावीत, ही आमची मागणी आहे. झाड विरुद्ध कामगार असे भांडण लावून देणाऱ्यांपासून आपण सावध राहावे.

ते फडताळ अजून आमच्या घरी आहे. त्याच्या फळ्या आम्हांस फुकट मिळाल्या, असे आम्ही समजत होतो. तसे नव्हते.